अठराच्या खाली

बाटली फ्रिजमध्ये, दह्याच्या पातेल्याला टेकून,
दोन दिवस आडवी होती. पृथानं तुलूजहून आणलेली.
"काका, भारी नाहीये हं," ती आधीच सांगून गेली,
"तिकडं ही बुधवारी पितात. पाहुणे नसताना."

मला आवडलं ते. बुधवारची वाइन.

तासगावात माझं अख्खं वय
द्राक्षाचा मणी चिमटीत फोडण्यात गेलं.
एक थेंब काचेवर, झाकण खाली,
गोडीची दुर्बीण उजेडाकडे,
निळ्या-पांढऱ्यातली रेघ कुठं थांबते तेवढंच बघायचं.
अठरा, तर कंटेनर.
अठराच्या खाली, तर ट्रॅक्टर आल्या वाटेनं मागं.
मला द्राक्षाची चव विचाराल तर आकडा सांगेन.

ऑक्टोबर. छाटणी उरकलेल्या बागा,
तारांवर नुसत्या काड्या.
मायाप्पा गच्चीवर आला, शेंगांची बुट्टी घेऊन.
"पेस्टिंगला किती दिवस झाले?"
"धा."
मग बस.
पेस्ट लावून त्याच दिवशी जो पितो
त्याचं तोंड टोमॅटो होतं,
आमच्याकडं शाळेतल्या पोरालाही ठाऊक.

शालननं फुलपात्रं दिली. पहिल्या घोटात भांडंच लागलं.
म्हणून चहाचे पेले आले, काचेचे, कंगोऱ्यांचे.
वास: पपनस सोलताना नखात बसतो तो,
मागून ओल्या पाटीचा, नुकती पुसलेली.
चव –
थांबा. आकडा येईना.

भडंग समोर होतंच. घेतलं मूठभर.
चूक. लसूण-तिखटावर ही बया
फुंकर घालायची सोडून फुंकणी लावते.
अख्ख्या मसुराला तर पत्ताच नाही ती आल्याचा.
भरल्या वांग्याशी जमेना: कूट टाळूला, ही घशात,
दोघं वेगवेगळ्या एस्टीनं गेली.
मरळीचा तुकडा मात्र, नुसता रवा आणि मीठ,
शालननं लिंबू पिळायला हात उचलला
आणि तसाच खाली ठेवला.
लिंबू आधीच पेल्यात होतं.

शेवटी उकडलेल्या शेंगा.
कोमट. टरफलात मिठाचं पाणी राहिलेलं.
आधी ते चोखायचं, मग दाणे, मग घोट,
मग परत शेंग.
कुणी काही बोलेना.
बुट्टी खाली जात होती, टरफलं वर येत होती.

तेव्हा ते साल आठवलं.
मायाप्पाचा माल, साडेसोळा. मी मान हलवली.
तो म्हणाला होता,
"सायेब, आंबट न्हाई ओ. ताजं हाय."
सगळं पॅकहाऊस हसलं. मीपण.
वहीत लिहिलं: आंबट. परत.

हीच चव होती ती.
तिकडं कुणीतरी साखर चढायची वाट न बघता
मुद्दाम तोडलेली,
बाटलीत भरून, वर गावाचं नाव लिहून
आठवड्याच्या मधल्या दिवसाला दिलेली.

बोलावंसं वाटलं. बोललो नाही.
त्याच्या पेल्यात ओतली, माझ्यापेक्षा बोटभर जास्त.
त्यानं ते बोट बघितलं.

मग उठला, जिन्याच्या भिंतीवर
खिळ्याला अजून लटकते ती दुर्बीण काढली,
सदऱ्याच्या टोकानं काच पुसली,
करंगळीनं थेंब टाकला,
बल्बाकडे धरून एक डोळा मिटला.
बराच वेळ.

"सात."

दारू असली की दुर्बीण खोटं सांगते.
मला माहीत होतं. सांगितलं नाही.

तो वळला, माझ्यासारखीच मान हलवली,
डावीकडं एकदा, उजवीकडं एकदा,
आणि थेट माझ्याच आवाजात म्हणाला,
"नाही जमत, मालक. गाडी वळवा."

शालनला ठसका लागला.

पेला त्यानं पुढंच धरला होता.